गारगाडी कुणाच्या दारी

"ज्याला स्वतःच्या तोंडानं मागता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यानं मागितलं, तर त्याला तुझं मशीन काय म्हणेल गं?" इंदूजिजीनं भर सर्वसाधारण सभेत मृणालला विचारलं होतं.

मृणाल तेव्हा हसली होती. सगळं शिकवलंय जिजी त्याला, तुम्ही निर्धास्त राहा, असं काहीसं बोलून तिनं पुढची स्लाइड लावली होती. "पस्तावशील," जिजी खाली बसता बसता म्हणाली, आणि सभागृहात हशा पिकला. कारण जिजी दर सभेला कुणाला ना कुणाला पस्तावशील म्हणायचीच. गटाराच्या ठेकेदारापासून चहावाल्यापर्यंत त्यातून कुणी सुटलं नव्हतं.

त्या गोष्टीला दोन उन्हाळे होऊन गेले.

वरणखेड म्हणजे तापीकाठचं गाव. गाव आपलं म्हणायचं, वस्ती केव्हाच शहराएवढी झालेली. इंदूबाई कोळी ही तिथल्या नदीकाठच्या प्रभागाची नगरसेविका. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, आवाज मात्र पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. तिला अख्खं गाव जिजी म्हणायचं. आणि मृणाल भामरे ही संख्याशास्त्रातली एम.एस्सी., नगरपरिषदेच्या उष्मा कक्षाची प्रमुख, आणि पावणेदोन वर्षांच्या जुईची आई. यातलं शेवटचं पद तिला सगळ्यात जड जायचं. ऑफिसच्या तळमजल्यावरच पाळणाघर होतं, तिथला कॅमेरा मोबाईलवर दिसायचा, तरी ती तासातासाला जिना उतरून जुईच्या मानेला हात लावून यायची. मान गरम लागली की हिचं लक्ष उडालं.

ही धास्ती उगाच नव्हती. खानदेशात उन्हाळा काही नवा नाही. पण पूर्वीचा उन्हाळा कोरडा असायचा, आणि कोरडं ऊन माणूस सोसतो. कसं, ते माठाकडे बघितलं की कळतं. माठातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. आपल्या अंगाचंही तसंच, घाम हे आपलं पाझरणं. पण हवाच आधी ओलीचिंब असेल तर माठ गार होत नाही. तापीवर नवा बंधारा झाला, फुगवटा गावाच्या कुशीत आला, दोन्ही काठांना केळीच्या बागा बारमाही भिजू लागल्या, आणि वरून आभाळच दरवर्षी जास्त तापत गेलं. नदीकाठी दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारासुद्धा उतरेनासा झाला. अशा हवेत धडधाकट माणूस सावलीत नुसता बसून राहिला, तरी त्याचं अंग आतून तापत जातं. आधी डोकं दुखतं, मग बोलणं भरकटतं, मग घाम यायचा थांबतो. त्यानंतर फार वेळ हातात नसतो.

म्हणून नगरपरिषदेनं तीन गाड्या घेतल्या होत्या. आत बर्फाच्या पाण्यावरची गादी, सलाईन, एक परिचारिका. लोक त्यांना गारगाड्या म्हणायचे. गाड्या तीन आणि गाव एवढं मोठं, त्यामुळे आधी कुणाच्या दारी जायचं हा प्रश्न रोजचाच. पहिल्या उन्हाळ्यात तो नेहमीच्या पद्धतीनं सुटायचा, म्हणजे फोनवर. मृणालचे वडील, एस.टी.तून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले आप्पा, त्या उन्हाळ्यात अंगणात कोसळले. त्यांच्या नावाची गाडी निघाली होती. मग वाटेत कुणाचा तरी फोन आला, आणि ती एका पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नमंडपाकडे वळली. पाहुण्यांना गरगरत होतं म्हणे. आप्पांकडे ती पोहोचली तेव्हा आईनं त्यांच्या अंगावर चादर ओढली होती.

मृणाल रडली कमी आणि कामाला लागली जास्त. तिनं जी प्रणाली उभी केली तिचं नाव समदर्शी. घराचं छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, माणसाचं वय काय, विजेच्या मीटरवरून पंखा फिरतोय की नाही, अर्ज कधी आला, हे सगळं बघून समदर्शी दर काही मिनिटांनी क्रम लावायची आणि गाड्या त्या क्रमानं धावायच्या. पण तिचा प्राण होता दबाव-गाळणी. मृणालनं नगरपरिषदेच्या वीस वर्षांच्या फायली तिला वाचायला दिल्या: कुणी काय मागितलं, कुणी शिफारस केली, आणि शेवटी खरी गरज किती निघाली. गाळणीला त्यातून एकच गोष्ट लख्ख दिसली. ज्या अर्जामागे हात जास्त, त्याची गरज कमी. मग ती अर्ज वास घेतल्यासारखी हुंगू लागली. एकाच मोबाईलवरून आलेले, एकाच साच्यातले, एकाच पुढाऱ्याच्या ओळखीतले अर्ज दिसले की ती त्यांना दबाव समजायची आणि ते नाव खाली सरकवायची. राजकारणानं राजकारणाच्या जागी राहावं, कारभारानं कारभाराच्या. मृणालला एवढंच हवं होतं.

आणि ते जमलं. पुढच्याच उन्हाळ्यात उन्हानं गेलेल्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. दुसऱ्या गावांचे अधिकारी बघायला येऊ लागले. नगराध्यक्ष रमणआबा फोटोत पुढे उभे राहिले, पण मागे धुमसत होते, कारण त्यांच्या शब्दाला किंमतच उरली नव्हती.

जिजीची एक फाईलही गाळणीच्या अभ्यासात होती. फार पूर्वी तिनं भाच्याच्या मासळीच्या दुकानासमोरचं गटार हलवून घेतलं होतं. मृणालनं ते एकदा बोलून दाखवलं तेव्हा जिजी लाजली नाही. "म्हणजे माझ्या भाच्याचं गटार तुझ्या मशीनच्या पोटात आहे म्हणायचं," ती म्हणाली. "जप हो. वास मारेल."

तो मे महिन्यातला मंगळवार होता आणि लाल इशारा होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मृणाल पडद्यासमोर बसली होती, शेजारी मोबाईलवर जुई झोपलेली दिसत होती, आणि जिजीचा फोन आला. लीलामावशीला गाडी पाठव म्हणाली, सकाळपासून अर्ज टाकतेय.

लीलामावशी म्हणजे अंगणवाडीतून निवृत्त झालेली मदतनीस. जुईला पहिले सहा महिने तेल लावून न्हाऊ घातलं ते तिनं. हिवाळ्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवरच होती. मृणालनं तिचं नाव शोधलं. पहिल्या पानावर नव्हतं, दुसऱ्यावरही नव्हतं. सापडलं ते जवळजवळ तळाला, आणि शेजारी शेरा होता: घर बंद असावे.

तिनं कारण उघडून बघितलं. मीटर शून्य. मीटर शून्य म्हणजे पंखा बंद, एवढ्या उन्हात पंखा बंद म्हणजे घरात कुणी नाही. हिशेब सरळ होता. पण नदीकाठी पत्र्याच्या घरांतून मागे एकदा तारेनं पेट घेतला होता, आणि तेव्हापासून तिथली म्हातारी माणसं दुपारी मेन स्विचच खाली ओढायची. चालती-फिरती पुलाखाली जाऊन बसायची. लीलामावशीला चालता येत नव्हतं, पण शेजारणीकडून स्विच मात्र न चुकता ओढून घ्यायची.

घरात माणूस आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे अर्ज. ते होते, ढिगानं होते. नदीकाठी स्वतः अर्ज भरायची रीतच नव्हती. मोबाईल पोरांबरोबर कामावर जायचे, म्हाताऱ्यांना ते अक्षर दिसायचं नाही. जिजीला सांगितलं की काम झालं, असं तिथं पिढीभर चालत आलेलं. जिजी ओट्यावर बसून सगळ्यांचे अर्ज आपल्याच मोबाईलवरून भरायची, सगळ्यांना एकच वाक्य: गरज आहे, गाडी पाठवावी ही विनंती. एकच मोबाईल, एकच साचा, एकच पुढारी. गाळणीला जे शिकवलं होतं त्याचा याहून चांगला नमुना सापडला नसता.

मृणाल बघत असतानाच लीलामावशीचं नाव आणखी एक घर खाली सरकलं. नवा अर्ज आला होता.

"जिजी, अर्ज टाकू नका," ती घाईनं म्हणाली. "प्रत्येक अर्जानं मावशी खाली चालल्यात."

पलीकडून धाप ऐकू आली. "म्हणजे मी गप्प बसले तर तिला गाडी मिळेल?"

"तसं नाही. तशीही नाही मिळणार. मीटर..."

"मग बोलून मरायचं का न बोलता मरायचं, एवढंच सांग पोरी," जिजी म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं. त्यावर लिहिलं होतं हस्तक्षेप. क्रम हातानं बदलायचा अधिकार फक्त दोघांना, मुख्याधिकाऱ्यांना आणि मृणालला. मुख्याधिकारी मुंबईला बैठकीत अडकलेले, फोन बंद. दोन वर्षांत ते बटण कुणी दाबलं नव्हतं. दाबलं की कुणी, कुणासाठी, का, हे नगरपरिषदेच्या वेबसाइटवर गावाला दिसायचं, आणि दाबणाऱ्यानं खुलासा लिहायचा. हा नियमही मृणालचाच. तिनं बोट नेलं आणि मागे घेतलं. त्या क्षणी पहिल्या क्रमांकावर कुणी गुजराथी गल्लीतले वृद्ध गृहस्थ होते. गाडी त्यांच्याकडे निघाली होती. ती वळवायची म्हणजे काय, हे या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात रमणआबांचा फोन आला. जिजीनं सगळ्यांनाच फोन लावले होते, त्यांनाही. आबा मधासारखं बोलले. ताई, जीव महत्त्वाचा, बिनधास्त घाला हात, मी तुमच्या पाठीशी आहे. आणि मग अगदी सहज, "तुम्ही घातला म्हणजे आम्हालाही घालता येईल. लोकांनी निवडून दिलेली माणसं आहोत हो आम्ही."

मृणालनं नुसतं बघते म्हटलं. लग्नमंडपाकडे गाडी वळवणारा तो फोन कुणाचा होता हे कधी सिद्ध झालं नव्हतं. आवाज मात्र असाच गोड असणार, असं तिला वाटून गेलं.

ती उठली. बटणावर नियम होता, स्वतःच्या पायांनी जाण्यावर नव्हता. जिना उतरताना ती पाळणाघराच्या दारात थांबली. जुई एक पाय भिंतीला टेकवून झोपली होती. तिला उचलून छातीशी धरावं आणि सरळ घरी जाऊन दारं-खिडक्या लावून घ्याव्यात, असं इतकं जोरात मनात आलं की तिनं दाराची कडी घट्ट पकडली. मग तिथल्या ताईला म्हणाली, मी येईपर्यंत हिला बाहेर काढू नका, दर थोड्या वेळानं पाणी पाजा, मान बघा. ताईनं मान हलवली. ती हे रोजच ऐकत असे.

स्कूटीची सीट ओल्या टॉवेलनं झाकूनही चटका बसत होता. नदीकडे उतरताना हवा घट्ट होत गेली, जणू कुणी तोंडावर उकळत्या भाताचं झाकण धरलंय. लीलामावशीच्या घराकडे वळताच तिला आधी वास आला, मासळीचा. रस्त्यावर बर्फाचे तुकडे वितळत पडले होते, भाच्याच्या दुकानापासून मावशीच्या दारापर्यंत, एका ओळीत.

आत अंधार होता. लीलामावशी खाटेवर होती, डोळे उघडे, शुद्धीवर. काखेत, मानेखाली, जांघेत गोणपाटात गुंडाळलेला बर्फ ठासलेला. मासळीच्या पेट्यांतला बर्फ. चादरीला खवले चिकटलेले.

"बघ गं काय केलं हिनं," मावशी क्षीण आवाजात म्हणाली. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून. "जन्मात शिवले नव्हते. बाटवलं मला म्हातारपणी." आणि ती चक्क हसली.

मृणालनं तिच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. गाडी न येताही माणूस वाचलं होतं. मृणालला इतकं हलकं वाटलं की पुढचा प्रश्न सुचायला थोडा वेळ गेला.

"जिजी कुठंय?"

अजून एक खेप आणते म्हणून गेली, मावशी म्हणाली. मघाशीच. यायला पाहिजे होती.

जिजी मागच्या दाराशी सापडली, उंबऱ्याला टेकून बसलेली, मांडीवर रिकामं गोणपाट. एवढ्या उन्हातून बर्फ ओढून आणलेली बाई, पण अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्वचा कोरडी आणि तव्यासारखी. मृणालनं हाक मारली तेव्हा जिजीनं तिच्याकडे बघून ओळख दाखवली, पण नाव घेतलं भलतंच, आणि म्हणाली, होडी बांध आधी, पाणी चढतंय. नदी तर खाली शांत पडून होती.

मृणालनं तिला आत ओढलं. मावशीच्या अंगावरचा उरलासुरला बर्फ काढून जिजीच्या मानेखाली घातला, फारसा उरला नव्हता. मोबाईल काढून अर्ज भरला. नाव इंदूबाई कोळी, वय, लक्षणं, सगळं बरोबर. समदर्शीनं तत्काळ क्रम लावला.

शेवटचा.

खाली कारण होतं. लोकप्रतिनिधी. स्वतःच्याच प्रभागात, दुसऱ्याच्या मोबाईलवरून मागणी. गाळणीच्या दृष्टीनं यापेक्षा संशयास्पद काही असूच शकत नव्हतं. आणि तेव्हा मृणालच्या लक्षात आलं, की सबंध नदीकाठासाठी अर्ज भरणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी आजवर एकही अर्ज टाकला नव्हता. वय बसत होतं, एकटेपण बसत होतं, पत्रा होता. पण तिच्यासाठी मागणारं कुणी नव्हतं. तिच्यासाठी मागायचं, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

जिजी काहीतरी पुटपुटत होती. मावशी खाटेवरून विचारत होती, काय झालं, कुणी काही सांगेल का मला. मृणालनं लाल बटण उघडलं, स्वतःचा संकेतांक घातला आणि दाबलं.

गारगाडी गुजराथी गल्लीच्या तोंडाशी होती. तिथून ती नदीकडे वळली.

जिजी वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. चालते, जेवते, नदीकडे बघत ओट्यावर बसते, पण नावं हरवली आहेत. कधी एखादं नाव सापडलं की दिवसभर तेच घोकते. मोबाईल हातात दिला तर उलटा धरते. गुजराथी गल्लीतल्या गृहस्थांकडे दुसरी गाडी उशिरा पोहोचली. तेही वाचले, असं डॉक्टर म्हणतात. मृणाल त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांचा मुलगा दारात उभा होता. त्यानं ऐकून घेतलं, तिला बस म्हटलं नाही, आणि आत वळून पंखा वाढवला. त्याच्या जागी आपण काय केलं असतं हे मृणालला पक्कं माहीत होतं. ती तशीच परतली.

पुढच्या सभेत रमणआबांनी ठराव आणला. प्रशासनानं एका नगरसेविकेसाठी हात घातला, तर मग प्रत्येक नगरसेवकाकडे बटण असायला काय हरकत आहे? टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूनं काही जण म्हणाले, बटणच काढून टाका, अधिकाऱ्यावरसुद्धा भरवसा नको. मृणालला दोन्ही नको होतं, कारण आप्पांच्या मुलीला पहिलं मान्य होणं शक्य नव्हतं आणि जिजीला त्या उंबऱ्याशी बघितलेल्या बाईला दुसरं. हर्षल, तिचा नवरा, घरी म्हणाला, कारभार आणि राजकारण वेगळं ठेवायचं म्हणालीस, आणि मग मधे जी माणसं उभी होती ती कुणाच्या खात्यात धरलीस? त्यानं टोमणा मारला नव्हता. तिलाच तसा लागला.

तिनं गाळणी काढली नाही. तिच्यात एक बदल मात्र केला. कुणी खूप जोरात मागत असेल, तर ते नाव खाली सरकवण्याआधी एक माणूस त्या दारी प्रत्यक्ष जाऊन बघून येईल, आणि तो माणूस मागणाऱ्याचाही नसेल आणि नाकारणाऱ्याचाही. सभेनं तो बदल अजून मंजूर केलेला नाही. तोवर दुपारी मृणालच जाते. जुईच्या मानेला हात लावून निघते, परत येऊन पुन्हा लावते.

खुलासा लिहायला तिनं फार दिवस लावले. मुख्याधिकाऱ्यांनी दोनदा आठवण करून दिली. शेवटी तिनं लिहिला तो सरळ होता: बटण मी दाबलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि त्यामुळे ज्यांची गाडी वळली त्यांची मी अपराधी आहे, चौकशी व्हावी. सही करायच्या जागेवर पेन टेकवून ती थांबली. हे वेबसाइटवर लागणार होतं, कुणीही वाचणार होतं. मग सहीच्या वर तिनं आणखी चार ओळी घातल्या. मुख्याधिकारी म्हणाले, हे खुलाशात बसत नाही. ती म्हणाली, राहू द्या सर.

'हे वाचणाऱ्यास विनंती. तुमच्याही गल्लीत सगळ्यांसाठी फोन करणारं एक माणूस असेल. त्याचा आवाज रोज ऐकू येतो, म्हणून ते बरं आहे असं आपण धरून चालतो. आज त्याचा आवाज ऐकलात का? नसेल, तर हा कागद असाच राहू द्या. उठा, त्याच्या दाराशी जा, हाक मारा. उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघा.'